मिरजेच्या चष्म्याच्या दुकानातल्या ताईंना

ताई नमस्कार,

तुमचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, तुम्हाला चालेल का ते विचारलं नाही म्हणून. पण तुम्ही ओळखाल. तासगावकडची टेलर बाई, जिच्या छातीतून टिकटिक ऐकू येते आणि जिला तुम्ही चष्मा विकला नाहीत, ती मी. तोंडावर थँक्यू म्हटलंय तसं पण ते दुकानात गर्दीत, तुमचं लक्ष अर्धं दुसऱ्या गिऱ्हाईकाकडे, त्याला काय अर्थ. म्हणून इथं सगळ्यांसमोर लिहिते, कारण व्हॉल्व बदललेली माणसं आपल्या भागात काही कमी नाहीत आणि ऑपरेशननंतर डोळ्यांना असं काही होऊ शकतं हे मला तरी आधी कोणी बोललं नव्हतं.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. लहानपणी घसा धरायचा, ताप यायचा, सांधे सुजायचे, तोच ताप पुढं हृदयावर गेला, हृदयातली मायट्रल नावाची झडप, म्हणजे व्हॉल्व, आखडला, आणि शेवटी छाती उघडून मेकॅनिकल व्हॉल्व बसवला. चित्रा व्हॉल्व. त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा इन्स्टिट्यूटनं आपल्याच देशात तयार केलेला, १९९० पासून माणसांना बसवतात. त्याच्याबरोबर रक्त पातळ ठेवायची अ‍ॅसिट्रॉम जन्माची आणि दर थोड्या दिवसांनी आयएनआरची, म्हणजे रक्त किती पातळ आहे त्याची तपासणी. धाकटी रात्री माझ्या छातीला कान लावते आणि म्हणते, आई तू चालू आहेस. हे सगळं अंगवळणी पडत होतं. मग डोळ्यांचं सुरू झालं.

पहिल्यांदा झालं तेव्हा मी सुईत दोरा ओवत होते. सुईचं नाकंच दिसेना. म्हणजे सुई दिसतेय, बोटं दिसतायत, नाक्याच्या जागी काहीच नाही. मग त्या जागेच्या कडेनं एक चमचमणारी रेघ आली, झिगझॅग, अगदी टोकदार, आणि ती गप्प बसत नव्हती, थरथरत होती, हळूहळू मोठी होत अर्धगोल झाली आणि बाजूला सरकत सरकत नजरेबाहेर गेली. अर्धा तास जेमतेम. डोकं वगैरे दुखलं नाही काही. उरली ती फक्त भीती. माझं सगळं पोट डोळ्यांवर आहे हो, फॉल-पिको, काज, अस्तराचे ब्लाउज, एक रेघ चुकली की कापड गेलं. परत परत व्हायला लागलं तसं मी बाहेरचं शिवण घेणंच कमी केलं.

घरी प्रत्येकाचं वेगळं. सासूबाई म्हणाल्या अशक्तपणा, मिस्टर म्हणाले नंबर वाढला असेल, शेजारच्या काकू म्हणाल्या गोळ्यांची गरमी, ताक पी. हृदयाच्या डॉक्टरांकडं फॉलोअपला सांगितलं तर इकडं व्हॉल्व छान चाललाय, डोळ्यांचं डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवा, एवढं बोलून पुढचा नंबर. मी त्यांना दोष देत नाही, बाहेर शंभर माणसं बसलेली असतात. पण मला तेव्हा कुठं जावं तेच कळेना म्हणून मी सरळ चष्म्याच्या दुकानात आले.

आणि तिथं तुम्ही होता. मी म्हटलं नंबर काढून द्या, तुम्ही मशीनवर बसवलं, नंबर काढला, आणि म्हणालात नंबर तर तोच आहे काकी, तुम्हाला नक्की दिसतं काय ते नीट सांगा बघू. आजपर्यंत हे कुणीच विचारलं नव्हतं! मग तुमचे प्रश्न. काळं दिसतं का चमकतं? एकदम येतं का हळूहळू पसरतं? किती वेळ राहतं? तेव्हा बोलताना जीभ अडखळते का, हाताला मुंग्या येतात का? आणि सगळ्यात महत्त्वाचा, एका डोळ्याला दिसतं का दोन्ही? मी ठामपणे म्हटलं उजव्या डोळ्याला. तुम्ही हसलात, म्हणालात उजव्या बाजूला दिसतं म्हणजे उजव्या डोळ्यालाच असं नसतं, पुढच्या वेळी एकेक डोळा हातानं झाकून बघा. दोन्हीकडं तसंच दिसलं तर ती गडबड बहुतेक डोळ्यात नाही, मेंदूच्या मागच्या भागात आहे, जिथं बघायचं काम चालतं. आणि आल्यावर घड्याळ बघून पाच पाच मिनिटांनी कागदावर काढून ठेवा.

मग मी तेच केलं. पुढच्या वेळी आलं तसं मशीन थांबवलं, कटिंगचा खाकी कागद घेतला, मधोमध एक फुली मारली, तिच्याकडं बघत राहिले आणि रेघ जिथं दिसेल तिथं खडूनं खुणा. डावा झाकला तरी दिसतेय, उजवा झाकला तरी दिसतेय, दोन्ही मिटले तरी दिसतेय! तो कागद घेऊन आले तेव्हा तुम्ही मोबाईलवर एक जुनं चित्र काढून दाखवलंत. ह्युबर्ट एअरी नावाच्या इंग्रज डॉक्टरनं १८७० मध्ये स्वतःला जे दिसायचं तेच काढून छापलेलं, छोट्या ठिपक्यापासून टप्प्याटप्प्यानं मोठं होत जाणारं, कडेला किल्ल्याच्या तटासारखे कोन. मी बघतच बसले. दीडशे वर्षांपूर्वीचा साहेब आणि मी, दोघांच्या कागदावर एकच रेघ. त्या क्षणी मला जे बरं वाटलं ते कुठल्या गोळीनं वाटलं नसतं, खरं सांगते, कारण तोवर मला आतून वाटत होतं की मी वेडी होतेय.

तुम्ही म्हणालात हे मायग्रेनच्या, म्हणजे अर्धशिशीच्या, ऑरासारखं दिसतंय, डोकं दुखायच्या आधी असं चमकतं दिसतं त्याला ऑरा म्हणतात, डोकं न दुखता नुसती रेघ येणारे पण असतात. मी लगेच म्हटलं मग झालं, काळजी मिटली. आणि इथं तुम्ही जे केलंत ना त्यासाठी हे पत्र आहे. तुम्ही म्हणालात, नाही काकी, नाव ठेवायचं काम माझं नाही, दुसरी कोणी असती तर मी म्हटलं असतं जा घरी, पण तुमच्या छातीत मेकॅनिकल व्हॉल्व आहे. व्हॉल्ववर गुठळी झाली आणि तिचा तुकडा वर गेला तरी डोळ्यांना काहीही होऊ शकतं. शेवटचा आयएनआर कधी केलात? आणि लगेच लेटरहेडवर चार ओळी लिहून दिल्यात, मेकॅनिकल मायट्रल व्हॉल्व, अ‍ॅसिट्रॉम चालू, दोन्ही डोळ्यांना चमकती रेघ, आयएनआर आजच, डोळ्याचा आतला पडदा तपासावा, न्यूरोला म्हणजे मेंदूच्या डॉक्टरांना दाखवावे. काउंटरवरून मालक बघत होते की बाई आली, तासभर बसली आणि फ्रेम न घेताच चालली. तुम्ही तिकडं बघितलंही नाही.

आयएनआर १.७ आला ताई. माझा अडीच ते साडेतीन पाहिजे. म्हणजे रेघेचं जे काय असेल ते असेल पण रक्त खरंच घट्ट झालं होतं आणि मला पत्ता नव्हता. कारण काय तर घरचं प्रेम, ऑपरेशन झालंय रक्त भरलं पाहिजे म्हणून सासूबाई रोज ताटभर मेथी नाहीतर पालक. त्यातलं व्हिटॅमिन के गोळीच्या उलट काम करतं. डॉक्टरांनी डोस वाढवला, आणि भाजी बंद करू नका म्हणाले, फक्त एक दिवस ढीगभर आणि चार दिवस काहीच नाही असं नको, रोज साधारण सारखीच खा. सासूबाईंना वाईट वाटलं बिचाऱ्यांना. आता त्याच वाटीनं मोजून वाढतात.

पुढं डोळ्यांत थेंब टाकून पडदा बघितला, चांगला निघाला. इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी झाली, व्हॉल्ववर गुठळी नाही. एमआरआयला मी घाबरले होते, छातीत धातू आहे मशीन ओढून घेईल म्हणून, पण त्यांनी व्हॉल्वचं कार्ड मागून घेतलं आणि मगच केला, काही झालं नाही, आवाज तेवढा फार. मेंदूत नवीन काही नव्हतं. न्यूरोच्या डॉक्टरांनी माझा खाकी कागद उलगडून टेबलावर पसरला आणि म्हणाले, असा पुरावा पेशंट आणत नाहीत. ऑराच आहे म्हणाले. ओपन हार्टनंतर काही जणांना हे सुरू होतं, आधी कधी मायग्रेन नसलं तरी, आणि पुष्कळांचं काही महिन्यांत आपोआप कमी होतं. त्यांनी एक गंमत सांगितली, लॅशली नावाच्या शास्त्रज्ञानं १९४१ मध्ये स्वतःच्या रेघेवरून हिशोब मांडला की ही रेघ दाखवणारी लाट मेंदूवरून मिनिटाला साधारण तीन मिलीमीटर सरकत असणार. तीन मिलीमीटर! म्हणजे माझ्या मशीनचा एक लांब टाका. तेव्हापासून रेघ आली की मी खुर्चीत टेकते आणि मिनिटाला एक टाका असं मनात शिवत बसते, भीती वाटायची ती जवळजवळ गेली.

रोजची काही औषधं दिली नाहीत, पाणी, झोप, वेळेवर जेवण, रेघ आली की गाडी बाजूला आणि मशीन बंद. डोकं दुखलंच तर पॅरासिटामॉल, ते पण कधीतरी, मेडिकलमधून मनानं ब्रूफेन-डायक्लोफिनॅक अजिबात नाही, अ‍ॅसिट्रॉमवर रक्तस्राव होऊ शकतो. आणि तुम्ही पाठ करून घेतलेलं मिस्टरांना पण पाठ करायला लावलंय: एका डोळ्यापुढं एकदम काळा पडदा, अर्धी नजर अचानक गेली, तोंड वाकडं, बोलणं अडखळलं, हातपाय लुळा, तर रेघ आहे जाईल म्हणून वाट बघायची नाही, १०८ ला फोन. फ्रिजवर चिकटवलंय. थंडी वाजून ताप आला तरी लगेच दाखवायचं हे आमच्या डॉक्टरांनी त्यात खाली पेननं वाढवलंय.

रेघ अजून येते अधूनमधून, पण पूर्वीसारखी नाही. लग्नसराईची ऑर्डर घेतलीये यंदा, आरीवर्कचे ब्लाउज पण.

आणि हो, तुम्ही त्या दिवशी म्हणाला होता की तुमचे ब्लाउज कधीच खांद्याला नीट बसत नाहीत. बसणारच नाहीत, तुमचा एक खांदा किंचित उतरता आहे, मी तेव्हाच बघितलं होतं पण तपासणी माझी चालली होती ना. पैशाचं नाव काढायचं नाही. जुना एक मापाचा आणा, अस्तर मी घालते, आणि सोमवारी येऊ नका कारण त्या दिवशी मी आयएनआरला मिरजेत असते, म्हणजे खरं तर मीच टेप घेऊन दुकानात येते, मालकांना सांगून ठेवा.

तुमची,
तासगावची काकी