चप्पल निसटली तरी कळेना

संपादक महोदय,

मागच्या महिन्यात वडील देवळातून घरी आले ते एकाच चपलेवर. दुसरी वाटेत कधी निसटली, त्यांना पत्ताच नव्हता. पायपुसण्यावर रक्त, तळव्यात काचेचा तुकडा रुतलेला, आणि दुखत मात्र काहीच नाही! वय ७४, मधुमेह २० वर्षांचा. वर्षभर ते पाय फाकवून, जमीन चाचपत चालत होते. आम्ही ‘वय झालं’ म्हणून सोडून दिलं. तोंड धुताना डोळे मिटले की तोल जायचा, तेही हसण्यावारी नेलं.

डॉक्टर म्हणाले, साखरेने नसा खराब झाल्या की पाऊल नेमकं कुठे पडतंय याची खबर मेंदूला नीट पोहोचत नाही. मग माणूस डोळ्यांच्या भरवशावर चालतो. अंधारात तोही आधार जातो.

तपासणी किती साधी! १० ग्रॅम दाबाचा नायलॉनचा धागा तळव्याला टेकवायचा, ‘कळतंय का?’ विचारायचं. पाचेक मिनिटांचं काम. इतक्या वर्षांत रक्ताचे रिपोर्ट सगळ्यांनी पाहिले, पायातले मोजे काढायला कुणीच सांगितलं नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाबाइतक्याच सहजतेने हे वर्षातून एकदा व्हायला हवं.

देवस्थानांना एक विनंती. उन्हाळ्यात तापलेल्या फरशीवर काथ्याची पट्टी जरूर टाका. चटका बसला की माणूस पाय उचलतो, हे आपण गृहीत धरतो. माझे वडील उचलत नाहीत.

— एक वाचक, सातारा