सूचना : हेल्मेटमुळे डोक्याला होणारी खाज व पुरळ

घोडेस्वारी करणाऱ्या सर्व सदस्यांस कळविण्यात येते की, जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो अशा या दिवसांत हेल्मेटखाली घाम साचून व ओल्या अस्तराच्या घर्षणाने डोक्याला खाज आणि पुरळ येण्याच्या तक्रारी वाढतात. गेल्या रविवारी एका हेल्मेटच्या कपाळपट्टीवर घामाच्या मिठाचे पांढरे वळ आणि त्यावर खोबरेल तेलाचा चिकट थर स्पष्ट दिसत होता.

अस्तर सुटे होत असल्यास ते आठवड्यातून एकदा सौम्य साबणाने धुवून, साबणाचा अंश राहणार नाही असे खळबळून सावलीत पूर्ण वाळवावे. हेल्मेट मात्र उन्हात किंवा बंद गाडीत ठेवू नये, कारण उष्णतेने आतील थर्माकोलसारखा संरक्षक थर खराब होतो. रपेटीपूर्वी तेल लावू नये, केस कोरडे असावेत आणि आत पातळ सुती टोपी घालावी. जाड रुमाल गुंडाळल्यास हेल्मेट नीट बसत नाही, हे आपल्याकडील सवय पाहता मुद्दाम सांगावे लागते. सारंगखेड्याच्या बाजारात घोडा दहादा पारखणारे आपण हेल्मेटचे माप मात्र घाईत घेतो.

हेल्मेट एकमेकांचे वापरू नये. गोल चट्टे दिसल्यास किंवा त्या जागचे केस गळू लागल्यास त्वचारोगतज्ज्ञांस दाखवावे.