पिल्ले विकण्याआधी त्यांच्या आयांचे रक्त तपासा: मध्य प्रदेशाच्या पशुपालन मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री महोदय,
पशुपालन व डेअरी विभाग,
मध्य प्रदेश शासन, भोपाळ

सादर नमस्कार.

मी इंदूरची राहणारी. सिमरोलच्या बाजूला आमचे अंड्यांच्या कोंबड्यांचे एक लहान शेड आहे आणि त्यात साधारण 1800 पक्षी असतात. माझे शिक्षण सूक्ष्मजीवशास्त्रातले आहे, त्यामुळे पक्षी आजारी पडला की मला औषधाआधी त्याचे कारण हवे असते. या पत्राची हिंदी प्रत मी आपल्या कार्यालयाकडे पाठवली आहे. मराठीत ते अशासाठी प्रसिद्ध करीत आहे की माळव्यातील मराठी कुटुंबांबरोबर पलीकडच्या खानदेशातील कुक्कुटपालकांनीही ते वाचावे, कारण पिल्लांच्या पेट्या राज्याची हद्द ओळखत नाहीत आणि त्या पेट्यांतून येणारा रोगही ती ओळखत नाही.

गेल्या पावसाळ्यात आमच्या तलंगा नुकत्याच अंड्यावर आल्या होत्या. एका सकाळी 7 पक्षी मेलेले सापडले, दुसऱ्या दिवशी 11. जे जिवंत होते त्यांचे तुरे फिके पडले होते, विष्ठा पिवळट हिरवी झाली होती आणि खाद्याची भांडी भरलेलीच राहत होती. औषधाच्या दुकानातून सांगितले ते प्रतिजैविक आम्ही पाण्यातून दिले. पाच दिवसांत मर थांबली, आणि औषध बंद केल्यावर बाराव्या दिवशी ती पुन्हा सुरू झाली. तेव्हा मी पशुवैद्यांना बोलावून शवविच्छेदन करून घेतले. स्टीलच्या ताटात ठेवलेले यकृत दुप्पट फुगलेले होते, आणि उघड्या हवेत थोडा वेळ राहिल्यावर त्याच्या गडद लाल रंगावर तांब्याच्या जुन्या भांड्यावर येते तशी हिरवट झाक चढू लागली. कोंबड्यांच्या टायफॉइडची, म्हणजे साल्मोनेला गॅलिनारम या जिवाणूची, ही ओळखीची खूण आहे. पक्की खात्री व्हावी म्हणून नमुना प्रयोगशाळेत पाठवला, आणि 23 दिवसांनी अहवाल आला की जिवाणूंची वाढ आढळली नाही. पक्ष्यांना आधीच औषध दिलेले होते आणि डबा बर्फाविना गेला होता, म्हणून त्यात नवल काहीच नव्हते. ती चूक आमचीही होती, हे मी मान्य करते. पण नमुना कसा घ्यावा आणि कसा पाठवावा हे सांगणारे जवळपास कोणी नव्हते.

शेवटी पशुवैद्यांनी रंगीत अँटिजेनची, म्हणजे याच जातीच्या मारून रंगवलेल्या जिवाणूंच्या द्रवाची, एक बाटली मिळवली. पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर जांभळ्या द्रवाचा एक थेंब ठेवायचा, पंखाखालच्या शिरेला सुई टोचून रक्ताचा एक थेंब त्यात मिसळायचा, काडीने पसरवायचा आणि फरशी हलक्या हाताने फिरवत राहायची. रक्तात या जिवाणूविरुद्धची प्रतिद्रव्ये (अँटिबॉडीज) असतील तर दोन मिनिटांच्या आत तो थेंब नासलेल्या दुधासारखा फुटतो आणि जांभळे कण वेगळे दिसू लागतात. आम्ही 200 पक्षी तपासले, त्यांपैकी 31 जणींचे थेंब फुटले. त्यांतल्या बऱ्याच कोंबड्या दिसायला धडधाकट होत्या आणि रोज अंडी देत होत्या.

महोदय, या पत्राचा गाभा त्या 31 धडधाकट कोंबड्यांमध्ये आहे. टायफॉइड आणि पिल्लांची पांढरी हगवण हे दोन्ही रोग एकाच जातीच्या जिवाणूंमुळे होतात आणि दोन्ही अंड्यातून आईकडून पिल्लाकडे जातात. प्रतिजैविकाने मर कमी होते, पण जिवाणू शरीरातून समूळ जात नाही. पांढऱ्या हगवणीच्या जिवाणूवर झालेल्या संशोधनातून कळले आहे की तो प्लीहेतील भक्षक पेशींच्या आत दडून राहतो. ज्या पेशींनी त्याला गिळून मारायचे, त्यांच्याच पोटात तो महिनोन्‌महिने वास करतो. मग कोंबडी वयात येऊन अंड्यावर येते त्या सुमारास तिच्या टी पेशींचा, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींचा, प्रतिसाद काही काळ मंदावतो, आणि नेमक्या त्या दिवसांत जिवाणू वाढून अंडाशयापर्यंत पोहोचतो. म्हणजे जी कोंबडी तपासणीविना अंडी उबवण्यासाठी ठेवली जाते, ती निसर्गनियमानेच सर्वांत धोक्याच्या काळात आई होत असते. तिच्या रक्तातील प्रतिद्रव्ये तिला पूर्ण बरे करू शकत नाहीत, पण ती आजाराची वाहक आहे हे आपल्याला सांगू शकतात. ही साक्ष एका थेंबात मिळत असताना ती न विचारणे मला फार खटकते.

कोंबडीच्या प्रतिकारशक्तीबद्दल थोडे अधिक लिहिते, कारण शेडमधले अर्धे गैरसमज तिथूनच सुरू होतात. कोंबडीला आपल्यासारख्या लसीका गाठी (लिम्फ नोड) नसतात. प्रतिद्रव्ये तयार करणाऱ्या पेशी गुदद्वाराच्या वरच्या बाजूला असलेल्या फॅब्रिशियसच्या पिशवीत घडतात. या पिशवीचे काम 1956 मध्ये अमेरिकेतील ब्रूस ग्लिक यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केले, आणि ते उलगडले तेही साल्मोनेलामुळेच: पिशवी काढून टाकलेल्या कोंबड्यांना तो जिवाणू टोचला असता त्यांच्या रक्तात प्रतिद्रव्ये तयारच झाली नाहीत. आज वैद्यकशास्त्र ज्यांना बी पेशी म्हणते, त्यांच्या नावातला ‘बी’ या पिशवीच्या इंग्रजी नावातून आलेला आहे. गंबोरो रोगाचा विषाणू ही पिशवीच उद्ध्वस्त करतो. बुरशी लागलेल्या मक्यातील अफ्लाटॉक्सिन हे विष प्रतिकारशक्ती खचवते, आणि शेडमधल्या ओल्या लिटरमधून, म्हणजे जमिनीवरच्या भुशाच्या थरातून, उठणारा अमोनिया श्वासनलिकेचे संरक्षक अस्तर जाळतो. मग ई. कोलाय हा जिवाणू शिरतो, आणि त्या शेडमध्ये प्रतिजैविकाच्या कितीही बाटल्या ओतल्या तरी मूळ दुखणे जागच्या जागी राहते. माळव्याच्या पावसाळ्यात मका वाळवण्याचे हाल ज्याने पाहिले आहेत, त्याला हे वेगळे समजावण्याची गरज नाही.

आपल्या विभागाला काम करता येत नाही असे मी मुळीच म्हणत नाही. डिसेंबर 2020 च्या अखेरीस आमच्या इंदुरात डेली कॉलेजच्या आवारात कावळे मरून पडू लागले, तेव्हा नमुने भोपाळच्या उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत गेले आणि बर्ड फ्लूचे निदान लगेच झाले. पुढे जानेवारीत झाबुआच्या कडकनाथ जातीच्या काळ्या कोंबड्यांतही तो आढळला. ती तत्परता आम्ही डोळ्यांनी पाहिली आहे. टायफॉइड, पांढरी हगवण आणि पाश्चुरेला जिवाणूचा कोंबड्यांचा कॉलरा हे रोगही 2009 च्या पशुरोग प्रतिबंध कायद्याच्या अनुसूचीत आहेत, म्हणजे त्यांची खबर देणे बंधनकारक आहे. पण शेडवाला खबर देत नाही, कारण खबर दिल्यावर आपल्या पक्ष्यांचे काय होईल हे त्याला कोणी सांगितलेले नसते. तो दुकानात जातो. केंद्र सरकारने 2019 मध्ये खाद्यासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांत कोलिस्टिन या प्रतिजैविकाच्या वापरावर बंदी घातली, आणि प्रतिजैविकांना जिवाणू दाद देईनासे होण्याविरुद्ध कृती आराखडा आणणाऱ्या पहिल्या राज्यांत मध्य प्रदेश होता, याचा मला अभिमान आहे. मात्र निदानाची सोय शेडपासून इतकी लांब असेल, तर दुकानदाराचाच सल्ला चालणार.

माझी मुख्य मागणी एकच आहे. ज्या मातृ-कळपाच्या अंड्यांतून विक्रीची किंवा वाटपाची पिल्ले निघतात, त्या कळपाची रक्ततपासणी अंड्यावर येण्याच्या सुमारास आणि पुढे ठरावीक अंतराने व्हावी, आणि तिचा दाखला पिल्लांच्या प्रत्येक पेटीबरोबर मिळावा. मी ज्यांच्याकडून पिल्ले घेतली त्यांना असा दाखला मागितला होता. उत्तर मिळाले, “औषध चालू ठेवा.” राष्ट्रीय पशुधन अभियानात किमान 1000 मातृपक्ष्यांच्या ग्रामीण कुक्कुट केंद्रासाठी 50 टक्के, म्हणजे 25 लाख रुपयांपर्यंत, अनुदान मिळते. ते मंजूर करताना ही तपासणी अट म्हणून घालता येईल. कडकनाथाची पिल्ले बचतगटांतील बायकांना दिली जातात तेव्हा तर ती आधी हवी, कारण दहा-वीस पिल्ले दगावली की त्या घराचा सगळा हिशेब कोलमडतो, आणि कडकनाथ काटक असतो या समजुतीने जिवाणू अडत नाही. अमेरिकेने 1935 पासून असाच तपासणी कार्यक्रम राबवून आपल्या व्यावसायिक कळपांतून पांढरी हगवण जवळजवळ हद्दपार केली, आणि त्याचा पाया हाच रक्ताचा थेंब होता. या तपासणीलाही मर्यादा आहेत. लस दिलेल्या पक्ष्यांत ती फसवी ठरू शकते आणि इतर साल्मोनेलांमुळेही कधी थेंब फुटतो. म्हणून संशयित पक्ष्यांच्या नमुन्यांतील जिवाणू वाढवून पाहणारी प्रयोगशाळाही सोबत लागेल. त्यासाठी नवी इमारत बांधावी लागणार नाही. महूचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आमच्यापासून जवळ आहे, तिथे जाणकार अध्यापक आणि विद्यार्थी आहेत. इंदूर विभागासाठी त्यांना अँटिजेनचा नियमित पुरवठा, नमुने आणणारी एक शीतपेटीची गाडी आणि आठवड्याच्या आत अहवाल देण्याचे बंधन, एवढे द्यावे.

आमच्या 31 कोंबड्या आम्ही वेगळ्या करून नष्ट केल्या, आणि बाकीच्यांची तपासणी अजून पुरी झालेली नाही, कारण अँटिजेनची दुसरी बाटली मिळालेली नाही. ही तपासणी सुरू करायला विभागाला एखादे शेड हवे असेल तर आमचे उघडे आहे, फक्त येणाऱ्यांनी दारातल्या चुन्याच्या हौदात पाय बुडवून आत यावे.

आपली विश्वासू,
इंदूरची एक कुक्कुटपालक