शंभर दिनारांचं देणं : सिस्टर, तुमचे आभार

आदरणीय सिस्टर,

हे पत्र तुम्हाला एकट्यालाही पाठवता आलं असतं. पण रोज सकाळी तुमचं चार-पाच ओळींचं चिंतन मोबाइलवर वाचणारे आम्ही पुष्कळ जण आहोत, आणि उत्तरादाखल हात जोडल्याच्या चित्रापलीकडे कुणी काही लिहीत नाही. मीही कधी लिहिलं नाही. म्हणून हे सगळ्यांसमोर.

१७ सप्टेंबर २०२३, चर्चच्या दिनदर्शिकेतल्या सामान्य काळातला २४ वा रविवार. शुभवर्तमान मत्तयच्या १८ व्या अध्यायातलं, क्षमा न करणाऱ्या चाकराचं : राजा त्याचं प्रचंड देणं माफ करतो, आणि तोच चाकर शंभर दिनारांसाठी आपल्या सोबत्याला तुरुंगात टाकतो. वाचनांच्या तीन वर्षांच्या चक्रात हा उतारा त्या रविवारी येणार हे मला ठाऊक होतं, आणि मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, जाऊच नये असं वाटत होतं. भावानं माझ्याकडून घेतलेले पैसे बुडवले होते, वर मीच हिशेबी ठरले होते. आमचं बोलणं बंद होतं. घरातले, नात्यातले, प्रार्थनेला भेटणारे सगळे एकच सांगत : सोडून दे, एवढं काय त्यात! आता वेदीवरूनही तेच ऐकावं लागणार, याची मी मनाशी तयारी करून ठेवली होती.

त्या सकाळी तुम्ही हिशेब मांडला होता. एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. एका तालांताचे सुमारे सहा हजार दिनार. म्हणजे राजाचं देणं दहा हजार तालांत, सहा कोटी दिवसांची मजुरी, दीड लाखाहून जास्त वर्षांचं काम. आणि तो चाकर म्हणतो, थोडी सवड द्या, सगळं फेडतो! (मला हसू आलं. येशूच्या समोर बसलेले लोकही हसले असतील, असं माझं मत.) हा भाग बहुतेक प्रवचनांत येतो. पण तुम्ही पुढे लिहिलं होतं : शंभर दिनारही थोडे नाहीत. तीन-साडेतीन महिन्यांची कमाई आहे ती. येशूनं सोबत्याचं देणं दोन दिनार सांगितलं नाही, शंभर सांगितलं. तुमचं जे बुडालं ते खरंच बुडालं आहे, हे त्याला ठाऊक आहे.

एवढंच. ‘म्हणून क्षमा करा’ असं तुम्ही लिहिलंच नाही. माझं दुखणं खरं आहे असं शुभवर्तमानाचा आधार घेऊन मला कुणीतरी पहिल्यांदा सांगत होतं. मी मिस्साला गेले, आणि बऱ्याच दिवसांनी पूर्ण उतारा मान वर करून ऐकला.

तुमची ही खोड मला फार आवडते. उताऱ्यातली एक अडनिडी वस्तू तुम्ही हातात घेता आणि तिथेच बसून राहता. वादळात होडीत झोपलेल्या येशूच्या डोक्याखालची उशी शुभवर्तमान लिहिणाऱ्या चौघांपैकी फक्त मार्कनं लिहून ठेवली, हे तुम्ही सांगेपर्यंत माझ्या लक्षातही आलं नव्हतं. तसाच योहानाचा कोळशाचा विस्तव. येशूचा शिष्य पेत्र त्याला नाकारतो तो अशाच विस्तवाशी शेकत उभा असताना, १८ व्या अध्यायात. आणि २१ व्या अध्यायात येशू पेत्राला पुन्हा भेटतो तेव्हा किनाऱ्यावर मासळी भाजायला पुन्हा कोळसेच पेटलेले. मूळ ग्रीकमधला तो शब्द अख्ख्या नव्या करारात या दोनच जागी येतो, असं तुम्ही लिहिलं होतं, आणि खाली एक प्रश्न : तुम्ही कुठल्या विस्तवाजवळ जायचं टाळता?

माझा विस्तव म्हणजे भावाच्या घरातलं टेबल. त्यावरच मी पैसे मोजून दिले होते. आईच्या आजारपणात जावं लागलं तेव्हा मी त्याच टेबलापाशी बसले. त्यानं पाणी आणून दिलं. औषधांच्या वेळा कागदावर लिहून काढल्या, कुणी कुठल्या रात्री थांबायचं ते ठरवलं. पैशांचा विषय त्यानं काढला नाही, मीही नाही. ते अजून आलेले नाहीत, आणि वहीतला आकडा मी खोडलेला नाही. पण आता फोन होतात. तुम्ही ‘सोडून दे’ म्हणाला असता, तर मी त्या घरात पाऊल टाकलं नसतं, हे खात्रीनं सांगते.

आभाराच्या पत्रात तक्रार शोभत नाही, तरी एक करतेच. मार्थेबद्दल माझं तुमच्याशी अजून पटलेलं नाही. लूकच्या १० व्या अध्यायात मार्था येशूच्या पाहुणचारात राबते, तिची बहीण मरीया त्याच्या पायाशी ऐकत बसते, आणि दरवेळी तुम्ही मरीयेची बाजू घेता. आजारी माणसाचं घर चालवणाऱ्या बाईला ते चिंतन सकाळी सहा वाजता वाचून काय वाटतं, ते एकदा मला विचारा. ‘तू ख्रिस्त आहेस, देवाचा पुत्र आहेस’ असं योहानाच्या ११ व्या अध्यायात तीच मार्था म्हणते, भाऊ गेल्यावर वाटेवर उभी राहून. पोप फ्रान्सिस यांच्या काळात, २०२१ पासून, २९ जुलैला, मार्थेच्या सणाच्या दिवशी, तिच्या जोडीला मरीया आणि भाऊ लाजरही आले, आणि त्या दिवशी लूक किंवा योहान, दोन्हींतलं एक वाचन निवडता येतं. यंदा योहान घ्या, सिस्टर.

तुमची,
रोज वाचणारी एक बहीण