श्रेय पोशाखाचे नव्हे

‘बॅटमॅन रिटर्न्स’ (१९९२) या चित्रपटावरील रविवार पुरवणीतील लेखात कॅटवूमन या व्यक्तिरेखेच्या यशाचे श्रेय काळ्या लॅटेक्स पोशाखाला दिले आहे, ते पटले नाही. तो पोशाख खरे तर अडसरच होता. अंगाला घट्ट चिकटणारा, चकाकीसाठी वरून सिलिकॉनचा लेप दिलेला आणि मुखवट्यामुळे अर्धा चेहरा झाकणारा. अभिनयासाठी उरले डोळे, आवाज आणि चाल. ही भूमिका करणाऱ्या अभिनेत्री मिशेल फायफर यांनी चाबूक चालवण्याचे रीतसर प्रशिक्षण घेतले. दुकानातील पुतळ्यांची मुंडकी त्यांनी चाबकाने स्वतःच, एकाच टेकमध्ये उडवली. तोंडात जिवंत पक्षी धरण्याचे दृश्यही (नको वाटावे असे!) खरेच. शिवाय या भूमिकेपूर्वीच ‘डेंजरस लायझन्स’ आणि ‘द फॅब्युलस बेकर बॉईज’साठी त्यांना ऑस्कर नामांकने मिळाली होती. तिसरे मिळाले ते १९९२च्याच ‘लव्ह फील्ड’साठी.

– एक वाचक