छोटी बाटली पुढे ठेवा

महोदय,
आमच्या शाळकरी वयात कोलाची काचेची बाटली 200 मिलिलिटरची असायची. तीही आम्ही दोघं भावंडं दोन स्ट्रॉ घालून प्यायचो आणि रिकामी बाटली दुकानदाराच्या क्रेटमध्ये ठेवून यायचो. परवा एसटीत शेजारी बसलेल्या दहा-बारा वर्षांच्या मुलाने 600 मिलिलिटरची बाटली नाशिक यायच्या आत संपवली. शेवटी शेवटी त्याला जात नव्हती, पण ‘उरवायची कशाला’ म्हणून आईनेच आग्रह केला. कोलात 100 मिलिलिटरला साधारण 10 ग्रॅम साखर असते. म्हणजे लेकराच्या पोटात 60 ग्रॅम गेली! जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसालाही दिवसाला साधारण 50 ग्रॅमच्या आत राहायला सांगते.

समोर जास्त आलं की जास्त खाल्लं जातं, हे अमेरिकेत आहार-संशोधक बार्बरा रोल्स यांच्या प्रयोगांतही दिसलं आहे. आपल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात जादा वजनाच्या पुरुषांचं प्रमाण 2015-16 मध्ये 18.9 टक्के होतं, 2019-21 मध्ये ते 22.9 टक्के झालं. याला कारणं अनेक आहेत, पण हे एक आपल्या हातातलं आहे. दुकानदारांनी छोटी बाटली पुढच्या रांगेत ठेवावी आणि हॉटेलांनी अर्धी प्लेट पुन्हा सुरू करावी, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, नाशिक