सीट बेल्ट परत आत जात नाहीये? बदलायच्या आधी धुऊन बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जुनी गाडी वापरणाऱ्या माझ्यासारख्या लोकांसाठी हे पत्र लिहितेय. सगळं छापायला जागा नसेल तर निदान पट्टा धुवायचा भाग तरी छापा ही विनंती.

माझी गाडी 2009 ची आहे, कराड ते सातारा रोज जाऊन येऊन शंभरेक किलोमीटर होतात. इंजिन ठणठणीत आहे, पण गेली दोन-अडीच वर्षं माझ्या बाजूचा सीट बेल्ट आत जातच नव्हता. काढला की मांडीवर लोळत पडायचा, मग हाताने थोडा थोडा सारत आत घालायचा, आणि गडबडीत राहिला की दारात अडकायचा, त्याने पट्ट्याची कड काळी पडली आणि दाराच्या प्लॅस्टिकला चरे पडले ते वेगळेच. लावल्यावरही अंगाला बसायचा नाही, छातीवर अख्खी मूठ आत जाईल एवढा सैल. सवय झाली होती, बेल्ट लावलाय ना मग झालं, असं वाटायचं.

मागच्या ऊस हंगामात नागठाण्याच्या अलीकडे संध्याकाळी सातच्या सुमारास पुढे उसाची ट्रॉली होती, मागे ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर, अगदी जवळ गेल्यावर दिसली आणि मी करकचून ब्रेक मारला. गाडी थांबली, कुणाला काही झालं नाही. पण बेल्टने मला धरलं ते छाती स्टिअरिंगजवळ पोचल्यावर. घरी येऊन गाडी लावली तरी हात कापत होते. नंतर कळलं की ब्रेक लागला की पट्टा ज्यावर गुंडाळलेला असतो ते आतलं रीळ अडकतं, म्हणजे पट्टा आणखी बाहेर येत नाही एवढंच, आधीच सैल बाहेर आलेला पट्टा काही ते आत ओढत नाही, तेवढं अंतर आपण मोकळेच पुढे जातो. एअरबॅग असली तर ती उघडायच्या वेळी आपण तिच्या नको तितके जवळ असतो. 1959 साली व्होल्वोच्या निल्स बोहलिन यांनी कमरेला आणि छातीला एकत्र धरणारा हा तीन टोकांचा पट्टा आणला, तो अंगाला चिकटून असेल तरच धरणार ना.

गॅरेजमध्ये दाखवलं तर एकदा ओढून बघितला आणि म्हणाले असेंब्लीच, म्हणजे पट्टा आणि रीळ सगळंच, बदला, जुनं मॉडेल आहे मागवावी लागेल, आणि आकडा असा सांगितला की मी गप्प परत आले. दुसऱ्या ठिकाणी एका पोराने ऑइलचा स्प्रे मारून दिला, दोन दिवस झकास चाललं आणि आठवड्यात आधीपेक्षा जड झालं.

शेवटी आमच्या शेजारचे काका, एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले, त्यांनी एका मिनिटात सांगितलं, "ताई, पट्टा बिघडलेला नाहीये, मळलाय." आणि माझंच बोट धरून खांद्याच्या वर पिलरला, म्हणजे दाराच्या मागच्या खांबाला, जी कडी असते, जिच्यातून पट्टा खाली येतो, तिच्या आतून फिरवलं. बोटाला काळपट तपकिरी चिकट थर आला, कढईच्या बुडाला असतो ना तसा. पंधरा वर्षांचा घाम, केसाचं तेल, धूळ, सगळं तिथे जमलेलं. पट्टासुद्धा मानेजवळ जिथे घासतो तिथे गुळगुळीत चकाकत होता.

काकांनी समजावलं ते असं. पिलरच्या आत खाली रीळ असतं, त्याच्या एका बाजूला गुंडाळलेली पट्टीची स्प्रिंग असते, तीच पट्टा परत ओढते. ती मुद्दाम हलकी ठेवलेली असते, जड ठेवली तर दिवसभर छाती आवळून धरेल. त्यामुळे कडीत थोडा जरी चिकटा बसला की तिला तो पट्टा ओढवत नाही.

आता कसं करायचं ते. गाडी सपाट जागेवर लावा, उतारावर असेल तर रीळ लॉक होतं आणि पट्टा बाहेरच येत नाही, तो बिघाड नाही, ते तसंच बनवलेलं असतं. पट्टा हळूहळू शेवटपर्यंत बाहेर ओढा, झटका दिला की अडकतो. मग जिथून तो पिलरमधून बाहेर येतो तिथेच कागद धरायच्या मोठ्या काळ्या क्लिपा दोन लावा, एक निसटली तर ओला पट्टा सर्रकन आत जाईल म्हणून दोन. बादलीत कोमट पाणी, त्यात भांड्याचा किंवा अंगाचा सौम्य साबण थोडासा, आणि मऊ ब्रशने पट्ट्याच्या लांबीच्या दिशेने दोन्ही बाजू घासा. माझ्या पट्ट्याचं पहिलं पाणी बिनदुधाच्या चहासारखं निघालं, तीन वेळा बदललं तेव्हा कुठे स्वच्छ आलं. साबण सगळा ओल्या फडक्याने पुसून काढा. कडीसाठी पातळ फडक्याची पट्टी साबणाच्या पाण्यात भिजवून कडीतून ओवायची आणि दोन्ही टोकं धरून मागेपुढे ओढायची, ताक घुसळल्यासारखी. निम्मं काम इथेच होतं, पट्टा चकाचक धुतला आणि कडी तशीच ठेवली तर फार फरक पडत नाही.

मग वाळवायचं. रात्रभर क्लिपा तशाच, दारं उघडी नाहीतर काचा खाली, पूर्ण वाळल्याशिवाय आत सोडू नका, ओला गेला तर वास मारतो, बुरशी धरते. हेअर ड्रायर, इस्त्री असलं काही नको. सकाळी मी क्लिपा काढल्या आणि पट्टा सपकन आत गेला, पट्ट्याचं धातूचं टोक कडीला टक्क करून लागलं. दोन वर्षांनी तो आवाज ऐकला, खरंच डोळ्यांत पाणी आलं. मग एक झटका देऊन बघायचं, लॉक व्हायलाच पाहिजे.

काही गोष्टी मात्र अजिबात करायच्या नाहीत. ब्लीच, पेट्रोल, थिनर लावायचं नाही, पट्ट्याचे धागे कमजोर होतात. ऑइल नको, त्यावर धूळ आणखी बसते. आणि रीळ उघडून आतली स्प्रिंग ताणायच्या भानगडीत घरी कुणी पडू नका, ती एकदा सुटली की परत बसत नाही आणि हाताला लागते. काही गाड्यांत तिथेच प्रीटेन्शनर, म्हणजे धडक झाली की पट्टा झटक्यात आवळणारा भाग, असतो, त्यात छोटी स्फोटक पुडी असते, त्याच्या वायरला हात लावायचा नाही. पट्ट्याचे धागे निघालेत, कापलाय किंवा गाडीचा मोठा अपघात झालाय, तर धुऊन उपयोग नाही, नवीनच घ्या, आणि भंगारातल्या गाडीचा काढून आणलेला तर नकोच, ती गाडी कशात गेली होती कुणाला माहीत.

गॅरेजवाल्यांना कळकळीची विनंती, सर्व्हिसिंगच्या यादीत एअर फिल्टर आणि ब्रेक असतात तसा हा पट्टा आत जातो का हेही घाला, धुवायचे योग्य पैसे घ्या, लोक आनंदाने देतील. माझी गाडी 15 वर्षांच्या पासिंगला गेली तेव्हा बेल्ट आहे, लागतो, एवढं बघितलं गेलं, सोडल्यावर परत जातो का हे कुणी बघितलं नाही. दोन सेकंदांचं काम आहे, परिवहन विभागाने सांगितलं तर होईल. बेल्ट लावला नाही तर 1000 रुपये दंड आहे आणि तो असलाच पाहिजे, पण सैल लोंबणारा बेल्ट लावणाऱ्याला कुणी काही विचारत नाही. बेल्ट न लावता बीप बंद करायच्या क्लिपा ऑनलाइन मिळायच्या, त्या विकू नका असा आदेश केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2023 मध्ये काढला, ते फार बरं केलं.

आणि मागची सीट. सप्टेंबर 2022 मध्ये पालघरजवळ सायरस मिस्त्री गेले, ते मागे बसले होते आणि बेल्ट लावलेला नव्हता, तेव्हा महिनाभर सगळे बोलले. पण आजही कितीतरी गाड्यांत मागची बकलं सीट कव्हरच्या खाली दाबलेली असतात. माझ्याही होती. कव्हरला ब्लेडने भोकं पाडून ती वर काढली.

माझ्या शेजारच्या सीटचा, म्हणजे आईच्या बाजूचा पट्टा धुऊनही आत जात नाहीये, काका म्हणाले त्याची स्प्रिंगच गेलीये, तो नवीन मागवलाय. तोपर्यंत आई मागे बसते, तिथला धुतलाय.

आपली,
एक वाचक, कराड